गोचीड काढले तरी पुन्हा येतात: कुत्र्यापासून भिंतीपर्यंत काय काय तपासायचं

गल्लीत कुणाच्या कुत्र्याला गोचीड झाले की मला हाक येते, आणि वाक्य बहुतेक वेळा तेच असतं: "मागच्या महिन्यात एकूण एक काढले होते, परत आलेत बघा." बेळगावात वळवाचे एक-दोन पाऊस झाले की ही तक्रार सुरू होते आणि दिवाळी उलटेपर्यंत थांबत नाही. शहापूर-वडगावातली जुनी घरं असोत, यळ्ळूर-कंग्राळीची शेताकडची वस्ती असो, नाहीतर खानापूर तालुक्यातलं जंगलाकाठचं गाव, दुखणं एकच आहे आणि ते परतून येण्याचं कारणही बहुतेक एकच. कुत्रा आपण साफ करतो, घर तसंच राहतं.

खाली लिहिलेलं क्रमाने करा. आधी फुकटचं, मग थोड्या खर्चाचं, मग कष्टाचं, शेवटी डॉक्टरांकडचं. अपवाद फक्त हिरड्यांचा. त्या फिक्या दिसल्या तर पुढचं काही वाचत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

काय दिसतं

कुत्रा कान सारखा झटकतो, मागच्या पायाने कानाचं मूळ खाजवतो. चालता चालता मध्येच बसतो आणि पायाच्या बोटांमध्ये दात घालतो, कधी एका पायावर थोडा लंगडतो. गळपट्ट्याखाली हात घातला की काहीतरी टणक लागतं. फरशीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात आणि जखम मात्र कुठेच सापडत नाही, कारण तो पोट भरून गळून पडलेला आणि पायाखाली चिरडलेला गोचीड असतो. कुत्रा जिथे झोपतो तिथल्या भिंतीवर, साधारण आपल्या कमरेच्या वर, तपकिरी ठिपके हळूहळू वर सरकताना दिसतात. आणि शेवटचं, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं: स्वच्छ केलेल्या कुत्र्यावर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा नवे, लहान गोचीड.

याशिवाय एक लक्षण आहे, ते कुठल्या पत्रकात छापलेलं नसतं. ते ज्याचं त्याला कळतं.

प्रत्येक कुत्र्याच्या काही खोडी असतात. आमचा तांब्या भाकऱ्या थापायचा आवाज आला की उंबऱ्यावर येऊन बसतो आणि पहिल्या भाकरीची करपलेली कड त्याचीच, असा त्याचा हक्क आहे. दूधवाल्याची मोटरसायकल कोपऱ्यावर वळायच्या आधी तो फाटकाशी उभा असतो, दुसऱ्या कुठल्याही मोटरसायकलला कान हलवत नाही. झोपायच्या आधी गोणपाटावर गोल गोल फिरतो, पुढच्या पायांनी ते विस्कटतो, मग कुणाची तरी चप्पल ओढून आणून तिच्यावर हनुवटी टेकतो. शेजारच्या काकूंची कुत्री भजन सुरू झालं की सूर लावते आणि आरती संपली की गप्प होते. माझ्या मामांकडे बेडकिहाळला एक म्हातारा कुत्रा आहे, तो उसाच्या ट्रॅक्टरला फाट्यापर्यंत पोचवून परत येतो, आणि हे काम त्याला कुणी सांगितलेलं नाही.

या खोडी नीट लक्षात ठेवा. त्यातली एखादी गळली तर ते पहिलं लक्षण आहे. गोचिडाचा ताप चढायच्या आधी तांब्याने भाकरीची कड सोडली होती. उंबऱ्यावर आला, वास घेतला आणि परत जाऊन पडला. अंग तेव्हा हाताला गरमही लागत नव्हतं. दुसऱ्या दिवशी रक्तात पेशी कमी निघाल्या. ज्याला आपल्या कुत्र्याची रोजची वागणूक तोंडपाठ आहे तो डॉक्टरांकडे दोन दिवस आधी पोचतो, आणि या आजारात दोन दिवसांना फार किंमत आहे.

पहिली तपासणी: हिरड्या, ताप, लघवी

याला पैसे लागत नाहीत आणि पुढचं घरी करायचं की नाही ते इथेच ठरतं.

वरचा ओठ हलकेच उचला. हिरडी गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडली की क्षणभर पांढरी होऊन एक-दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या बाबतीत डोळ्याची खालची पापणी खाली ओढून आतला रंग बघा. हिरडीवर किंवा पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले, तर ते गोचीड चावल्याचे डाग समजू नका. रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी झाल्या की कातडीखाली असं रक्त झिरपतं.

ताप बघायला साधा डिजिटल थर्मामीटर चालतो, टोकाला खोबरेल तेल लावून गुदद्वारात थोडासा सरकवायचा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान आपल्यापेक्षा जास्त असतं, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. म्हणून १०१ दिसलं म्हणून घाबरू नका आणि १०३ च्या वर गेलं तर "ऊन लागलं असेल" म्हणून सोडूनही देऊ नका. नाक ओलं आहे की कोरडं यावर ताप ठरवायची पद्धत घरोघरी आहे, पण तिचा भरवसा धरता येत नाही.

लघवी एकदा पांढऱ्या फरशीवर किंवा कागदावर बघा. कोऱ्या चहासारखी गडद किंवा लालसर असेल तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटत असण्याची शक्यता आहे. गोचिडातून अंगात जाणारा बाबेसिया नावाचा जंतू तेच करतो.

यातलं काहीही बिघडलेलं दिसलं तर खालची कामं नंतर. आधी डॉक्टर.

दुसरी तपासणी: हाताने, केसांच्या उलट दिशेने

संध्याकाळी दिवा लावून झाला की कुत्र्याला उजेडात घ्या. सुरुवात कानापासून. कानाची पाळी उलटी करून आतल्या वळ्या बघा, कारण गोचिडांची सगळ्यात आवडती जागा तीच. मग गळपट्टा काढून मान, मग पुढच्या पायांच्या बगला, जांघा, शेपटीच्या मुळाखाली, पापण्यांच्या कडा, आणि शेवटी चारही पायांची प्रत्येक दोन बोटांमधली जागा, वरून आणि खालून. पाठीवर हात फिरवून "काही नाही" म्हणणारे बरेच भेटतात. पाठीवर क्वचितच असतात.

आपल्या भागात मुधोळ रक्ताचे कुत्रे पुष्कळ दिसतात. जवळच्या बागलकोट जिल्ह्यातली ही जात, २००५ साली तिचं टपाल तिकीटही निघालं. त्यांचा केस आखूड, त्यामुळे मालकाला वाटतं की गोचीड असता तर दिसला असता. त्यांच्याही बोटांच्या बेचक्यात डझनावारी निघतात. धनगरांच्या कळपामागच्या केसाळ कुत्र्यांना तर फणीशिवाय तपासता येत नाही.

तीन गोष्टींत गल्लत होते. पोटावर दोन सरळ ओळींत, समोरासमोर असलेले लहान उंचवटे म्हणजे स्तनाग्रं. ती नरालाही असतात. गोचीड समजून ती ओढणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि कुत्रा बिचारा नुसता कळवळतो. चामखीळ कातडीच्याच रंगाची असते आणि मुळाशी पाय नसतात. गोचिडाला मुळाशी पाय दिसतात, मोठ्याला आठ आणि नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहा. हे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, ते पिसू समजलं जातं. पिसू उडी मारते, हे मारत नाही.

ही तपासणी म्हणजे नुसतं काम नव्हे. पंधरवडाभर रोज केली की कुत्रा स्वतः येऊन बसायला लागतो. तांब्या आधी डावा कान पुढे करतो, उजव्याच्या वेळी डोळे मिटतो, आणि मागच्या पायांची पाळी आली की पाय ओढून घेऊन माझा हात चाटतो, म्हणजे तेवढं सोडून दे म्हणून विनवतो. सोडायचं नाही. दिवसभरात त्याच्याशी इतकं निवांत बसणं दुसऱ्या कुठल्या निमित्ताने होत नाही, आणि त्याच्या अंगावर नवी गाठ, नवी जखम, वजनात फरक, जे काही होतंय ते हाताला लगेच कळतं.

रोजच का? बाबेसिया अंगात उतरायला गोचीड साधारण दोन दिवस चिकटून असावा लागतो. त्याआधी काढला तर बराच धोका टळतो. एर्लिकिया हा गोचिडातला दुसरा जंतू मात्र काही तासांतही उतरू शकतो, म्हणून नुसत्या वेचण्यावर विसंबता येत नाही. दोन्ही लागतं, वेचणं आणि औषधही.

काढायचे कसे

बारीक टोकाचा चिमटा घ्या. गोचिडाचं पोट धरू नका, कातडीला जिथे त्याचं तोंड रुतलंय तिथेच पकडा आणि सावकाश, सरळ वर ओढा. झटका नको. तोंडाचा तुकडा आत राहिला तर खणत बसू नका, अंग तो आपोआप बाहेर टाकतं. जागा साबणाच्या पाण्याने पुसा आणि सूज वाढत नाही ना एवढं बघा.

रॉकेल, पेटती उदबत्ती, चुना, तंबाखूचं पाणी, यातलं काहीही लावू नका. निपाणीकडे तंबाखू घरात असतेच, म्हणून तिचं पाणी लावायची सवय आहे. पण निकोटीन कातडीतून आणि चाटण्यातून कुत्र्याच्या अंगात जातं, आणि ते विष आहे. रॉकेलने कातडी भाजते. शिवाय त्रास झालेला गोचीड पोटातलं बाहेर टाकण्याची शक्यता असते, म्हणजे जंतू जखमेत सोडायला आपणच मदत केल्यासारखं होतं.

काढलेले बोटांनी किंवा दगडावर चिरडू नका. झाकणाच्या बाटलीत साबणाचं दाट पाणी किंवा स्पिरिट घ्या, त्यात टाका आणि झाकण लावा. अंगणात फेकलेली फुगलेली मादी मरत नाही. ती फट शोधते आणि हजारांनी अंडी घालते.

तिसरी तपासणी: औषधाचं रिकामं पाकीट

"औषध देऊनही गोचीड येतात" असं कुणी म्हटलं की मी आधी पाकीट मागते. बहुतेक वेळा उत्तर पाकिटावरच असतं.

वजनाचा पट्टा बघा. २० किलोच्या कुत्र्याला १० किलोपर्यंतची गोळी दिली असेल तर ती पुरणार नाही. एक मोठी गोळी तोडून दोन कुत्र्यांत वाटली असेल तर कुणाला किती मिळालं ते सांगता येत नाही. कुत्र्याला उचलून घेऊन वजनकाट्यावर उभं राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. मोठा असेल तर रेशन दुकानाचा किंवा भुसाराच्या दुकानाचा काटा आहेच.

तारीख बघा. अफॉक्सोलानरची गोळी महिनाभर पुरते, फ्लुरालानरची साधारण १२ आठवडे. मानेवर टाकायचे फिप्रोनिलचे थेंब महिनाभर. गोळी दिलेली तारीख कॅलेंडरवर लिहा आणि पुढची तारीखही त्याच वेळी लिहून ठेवा. कुत्रा स्वच्छ दिसतो म्हणून दुसरा डोस पुढे ढकलला जातो, आणि पुन्हा लागण होते ती नेमकी त्या ढकललेल्या आठवड्यांत.

दिलं कसं ते आठवा. फ्लुरालानर जेवणाबरोबर दिलं तर अंगात नीट उतरतं, रिकाम्या पोटी कमी. थेंब असतील तर ते केसांवर नको, केस बाजूला करून कातडीवर पडायला हवेत, आणि आधी-नंतर दोन दिवस आंघोळ नको. पावसात भिजलेल्या कुत्र्यावर थेंब टाकून उपयोग होत नाही.

आणखी एक. या गोळ्या गोचिडाने रक्त प्यायल्यावरच त्याला मारतात. त्यामुळे गोळीनंतरही अंगावर गोचीड चढताना दिसतील, काही मेलेले आणि सुकलेले मिळतील. याचा अर्थ औषध फसलं असा होत नाही. जिवंत, फुगलेले, करडे गोचीड सापडत राहिले तर मात्र डॉक्टरांशी बोला. कुत्र्याला आधी कधी फिट आली असेल तर या जातीची गोळी सुरू करण्याआधीच सांगा.

चौथी तपासणी: झोपायची जागा

आपल्याकडच्या कुत्र्यांवर दिसणारा गोचीड बहुतेक तपकिरी कुत्रा-गोचीड असतो. त्याचं वेगळेपण असं की तो घरात, छपराखालीही पिढ्यान् पिढ्या राहू शकतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू कुत्र्यावर चढतं, काही दिवस रक्त पितं आणि उतरतं. फटीत बसून कात टाकतं, मोठं होऊन पुन्हा चढतं, पुन्हा उतरतं, पुन्हा कात टाकतं, आणि पूर्ण वाढ झाली की तिसऱ्यांदा चढतं. मादी शेवटचं पोट भरून उतरते ती अंडी घालायला. म्हणजे आयुष्याचा मोठा भाग तो कुत्र्यावर नसतोच. अंगावर दहा दिसले तर उरलेले कुठे असतील याचा विचार करा.

गोणपाट, जुनी वाकळ, चटई, सगळं उकळत्या पाण्यात बुडवा, मग उन्हात घाला. नुसतं उन्हात टाकून भागत नाही, हा गोचीड कोरडेपणाला चिवट आहे. फाटलेलं गोणपाट जाळून टाका, धुवायच्या भानगडीत पडू नका, त्याच्या शिवणीत किती बसलेत ते कळत नाही. पुढे कुत्र्याला धुता येईल असं एकच सुती अंथरूण द्या आणि आठवड्याला धुवा. कुत्रा रुसेल, जुन्या वासाच्या गोणपाटासाठी तुमच्या मागे मागे फिरेल. घरातल्या माणसाचा जुना सदरा त्या अंथरुणावर घातला की दोन दिवसांत निवळतो.

पाचवी तपासणी: भिंती

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. परत परत येणारी लागण मला बहुतेक वेळा इथेच सापडली आहे.

हा गोचीड वर चढतो. माणसं फरशी पुसतात आणि तो असतो दाराच्या चौकटीमागे, खिडकीच्या लाकडात, विजेच्या बोर्डाच्या मागे, भिंतीवरच्या फोटोंच्या पाठीला, कौलांच्या रिपांत. त्यात आपल्याकडची घरं चिऱ्याची. जांभा दगड मुळातच छिद्राछिद्रांचा, आणि गिलावा नसलेल्या भिंतीत, आवाराच्या गडग्यात त्याला लपायला हव्या तेवढ्या जागा. शेणाने सारवलेल्या जमिनीला कडेने पडणाऱ्या भेगाही तशाच.

रात्री बॅटरी घ्या. कुत्रा झोपतो तिथून सुरुवात करून भिंतीच्या कडेने फटी बघत जा, आणि मग वर. पातळ पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवा. बाहेर येतात ते सपाट, तपकिरी, भुकेले गोचीड, किंवा कात टाकलेली पोकळ सालं, किंवा गडद तपकिरी अंड्यांचा पुंजका. जे निघेल ते साबणाच्या पाण्यात. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर फटींवरून फिरवा आणि पिशवी लगेच घराबाहेर न्या.

मग फटी बुजवा. सिमेंट, चुना, लांबी (पुट्टी), जे घरात असेल ते. निदान कुत्र्याच्या जागेपासून चार-पाच हातांच्या अंतरातल्या आणि छतापर्यंतच्या फटी तरी बुजल्याच पाहिजेत. फवारणीपेक्षा यात कष्ट जास्त आणि खर्च कमी, पण टिकाऊ उपाय हाच आहे. औषधाचा जोर महिन्याभरात उतरतो, बुजवलेली फट बुजलेलीच राहते.

खानापूर, नंदगड, जांबोटीकडच्या लोकांसाठी वेगळं सांगते. घरची माणसं पुण्याला, मुंबईला, गोव्याला कामाला असतात, घर बंद, आणि चतुर्थीला कुलूप उघडतं. बरोबर शहरातला कुत्रा येतो. दोन दिवसांत तो गोचिडांनी भरतो आणि सगळे म्हणतात, गावच्या कुत्र्यांमुळे झालं. खरं तर पूर्ण वाढलेला गोचीड काही न खाता कित्येक महिने, कधी वर्षभरही फटीत तग धरतो. माणसाची, कुत्र्याची चाहूल लागली, श्वास लागला की बाहेर येतो. म्हणून गावी निघायच्या आधी कुत्र्याला गोळी चालू असू द्या, आणि पोचल्यावर पहिल्या रात्री त्याला पडवीत भिंतीला लागून बांधू नका.

सहावी तपासणी: बाकीची जनावरं

दोष गोठ्याला दिला जातो. पण गाई-म्हशींवरचा मुख्य गोचीड वेगळ्या जातीचा, तो आयुष्यभर एकाच जनावरावर राहतो आणि कुत्र्यावर फारसा रमत नाही. गोठा साफ ठेवा, ते जनावरांसाठी हवंच आहे, मात्र त्याने कुत्र्याचा प्रश्न सुटेल अशी आशा धरू नका. खरा दुवा म्हणजे दुसरे कुत्रे. घरात दोन असतील तर दोघांना एकाच दिवशी औषध. फाटकाशी येऊन झोपणारा रस्त्यावरचा कुत्रा असेल तर त्याचाही विचार करा. आमच्या गल्लीत चार घरांनी मिळून त्याच्या गोळीचे पैसे काढले, आणि तेव्हापासून चारही घरांची तक्रार कमी झाली.

घरात मांजर असेल तर कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं औषध तिच्यापासून लांब ठेवा. कुत्र्याला चालतं ते मांजरीचा जीव घेऊ शकतं, अगदी कुत्र्याला चिकटून झोपली तरीसुद्धा.

जंगलाकाठी राहणाऱ्यांच्या मनात माकडतापाची भीती असते. तो आजार १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला आणि पुढे गोवा-सिंधुदुर्गापर्यंत सापडला. तो पसरवणारा गोचीड जंगलातला, वेगळ्या जातीचा आहे. घरच्या कुत्र्याला त्यासाठी बाहेर काढू नका. काजूच्या बागेत, रानात जाऊन आल्यावर माणसाला जोराचा ताप आला, तर रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

सातवी पायरी: फवारणी

फटी बुजवूनही येत राहिले तरच. डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनचं द्रावण लेबलवर लिहिलंय तेवढंच करा. दाट केलं की जास्त काम करतं हा गैरसमज आहे, त्याने घरातल्यांना त्रास होतो. हातमोजे घाला, नाक-तोंड बांधा. कुत्रा, मांजर, कोंबड्या, लहान मुलं बाहेर. माशांची टाकी असेल तर ती खोली सोडा, हे औषध माशांना फार घातक आहे. विहिरीच्या, ओढ्याच्या बाजूला फवारू नका. सगळं पूर्ण वाळेपर्यंत कुणी आत यायचं नाही.

अंड्यांवर फवारणीचा परिणाम फारसा होत नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फवारणी लागतेच, कधी तिसरीही. पहिलीनंतर सामसूम होते आणि लोक थांबतात. उरलेली अंडी त्यानंतर फुटतात.

गोठ्यासाठी आणलेलं औषध कुत्र्याच्या अंगावर चोळू नका. जनावरांचं आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचू नका. कुत्र्याचा डोस जनावरापेक्षा वेगळा असतो आणि काही जातींना ते मेंदूवर जातं. अमिट्राझ या गोचीडनाशकानेही चाटल्यावर विषबाधा होते, ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको.

इथे थांबा आणि डॉक्टरांना गाठा

हिरड्या फिक्या किंवा पिवळसर. ताप १०३ च्या वर. नाकातून रक्त. पोटावर लाल ठिपके. लघवी गडद. दिवसभर अन्नाला तोंड नाही. उठताना मागचे पाय लटपटणं. पिल्लू असेल आणि अंगावर पुष्कळ गोचीड असतील, तर यातलं काही दिसत नसलं तरी न्या, कारण नुसतं रक्त शोषल्यानेही पिल्लू खंगतं. यातलं एकही असेल तर घरचा उपाय बंद.

आणि हे लक्षात घ्या की एर्लिकियाचा आजार चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी दिसतो, कधी दबून राहून काही महिन्यांनी वर येतो. तेव्हा अंगावर एकही गोचीड नसतो. "आता तर गोचीड नाहीत" म्हणून रक्त तपासणी टाळू नका. गेल्या काही महिन्यांत गोचीड होते एवढं डॉक्टरांना सांगितलं तरी त्यांना दिशा मिळते.

ताप आहे म्हणून माणसाची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं बिघडतात. पॅरासिटामॉलही अंदाजाने द्यायचं औषध नाही. ज्याच्या रक्तात आधीच पेशी कमी आहेत त्याला हे झेपणार नाही.

तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक आहे, पण तो मुख्यतः गाई-गुरांसाठी. कुत्र्यासाठी गाडी येईल म्हणून वाट बघत बसू नका, रिक्षा करा. डॉक्टर कन्नड बोलणारे असतील आणि तुम्हाला बोलताना अडचण येत असेल, तर तारखा आणि आकडे एका कागदावर लिहून न्या: गोचीड कधी दिसले, कुठली गोळी कधी दिली, वजन किती, ताप किती, कुठली खोड कधीपासून बंद झाली. कागदावरच्या तारखा आणि आकड्यांना भाषा आडवी येत नाही.

रक्ताची पूर्ण तपासणी, त्यातला प्लेटलेटचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींचा, आकडा आणि काचेवरचा रक्ताचा नमुना, एवढं तरी करून घ्या. एर्लिकिया निघाला तर डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस चालतं. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रा शेपटी हलवायला लागतो, भाकरीची कड मागतो, आणि घरचे गोळी बंद करतात. बंद करू नका, पूर्ण २८ दिवस द्या. गोळी कोरडी भरवू नका, घशात अडकून अन्ननलिकेला जखम करते. घासात घालून द्या आणि वर पाणी पाजा. दूध, दही, पेढा यात मात्र नको, दुधातला कॅल्शियम औषध अडवतो. बाबेसियाला उपचार वेगळे, आणि त्यातला एक प्रकार बरा झाल्यासारखा वाटून उलटतो, म्हणून डॉक्टर बोलावतील तेव्हा जावंच लागतं.

दुसऱ्या रक्त तपासणीची तारीख लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका. कुत्रा औषधावर असतानाच घरी भिंतीच्या फटी बुजवून घ्या, म्हणजे बरा होऊन तो त्याच गोचिडांत परत येणार नाही.